तिन्यानेल्लो 2019: आठ महिने, चार बाटल्या आणि एक तुटलेलं बूच

दुसऱ्या बाटलीचं बूच तुटलं. निम्मं ओपनरच्या मळसूत्रावर अडकून वर आलं, निम्मं बाटलीच्या गळ्यात तसंच रुतून राहिलं. तिन्यानेल्लोसारख्या, इटलीतच सव्वाशे-दीडशे युरोला पडणाऱ्या टस्कनीच्या रेड वाईनचं बूच असं मधोमध तुटलं की पहिली शिवी बनवणाऱ्याला जाते. ती चुकीच्या पत्त्यावर गेली होती हे कळायला पुढची बाटली उघडावी लागली. म्हणून रंग, वास, चव हा नेहमीचा क्रम सोडून बुचापासून सुरुवात. फक्त "घ्यावी का" एवढंच हवं असेल तर सरळ शेवटाकडे जा.

पार्श्वभूमी थोडक्यात, कारण बहुतेकांना ती पाठ असते. ती बनवणारं अंतिनोरी घराणं 1385 पासून वाईनच्या धंद्यात. फ्लोरेन्समधल्या त्यांच्या वाड्याच्या भिंतीत एक छोटा झरोका अजून आहे, त्यातून पूर्वी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला वाईन विकत. तिन्यानेल्लो मात्र त्या मानाने कालची. 1970 ला ती किआन्ती क्लासिको रिझेर्वा (टस्कनीच्या किआन्ती भागातली, जास्त मुरवलेली वाईन) म्हणून आली आणि 1971 लाच तिने किआन्ती हे नाव टाकलं. तेव्हाच्या नियमात किआन्तीत पांढरी द्राक्षं मिसळणं सक्तीचं होतं. पिएरो अंतिनोरी आणि त्यांचे वाईनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांना ती नको होती, शिवाय सान्जोवेजे, म्हणजे तिथलं मुख्य काळं द्राक्ष, 225 लिटरच्या छोट्या ओक पिंपांत मुरवायची होती. 1975 ला पांढरं पूर्ण बाद झालं. 1982 पासून प्रमाण साधारण ठरलेलं आहे: 80 टक्के सान्जोवेजे, 15 टक्के काबेर्ने सोव्हिन्यों, 5 टक्के काबेर्ने फ्रां. गंमत अशी की आज किआन्ती क्लासिकोचा नियमच किमान 80 टक्के सान्जोवेजे मागतो आणि 2006 च्या हंगामापासून तिथे पांढऱ्याला बंदी आहे. ज्या भांडणावरून घर सोडलं ते भांडणच उरलं नाही. लेबलवर मात्र अजूनही "तोस्काना आयजीटी", म्हणजे टस्कनीची, पण किआन्तीच्या नियमांबाहेरची. परत जाऊन त्यांना मिळणार काय?

आता बूच.

चांगल्या, मुरवण्याच्या वाईनचं बूच लांब असतं. या बाटलीतलं पट्टी लावून जवळजवळ पाच सेंटिमीटर भरतं. साध्या वाईनचं चार-साडेचार. घरोघरी जो पंखवाला ओपनर असतो, ज्याचे दोन हात वर होतात, त्याचं मळसूत्र बहुतेक वेळा आखूड असतं. ते बुचाच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच पोचतं, खालचा भाग नुसता काचेला चिकटून. वरून ओढलं की जिथे मळसूत्र संपतं तिथे बूच फाटणारच. त्यातून ते मळसूत्र मधे भरीव, ड्रिलसारखं असेल तर आणखी वाईट. ते बुचात शिरत नाही, बुचाचा भुगा करतं. चांगलं मळसूत्र वळवलेल्या तारेसारखं असतं, मधे पोकळ. वरून डोळा लावला तर आरपार दिसलं पाहिजे.

सुरुवातीला दोष बाटली उभी ठेवण्यावर ढकलला होता. सगळीकडे तेच लिहिलेलं असतं: उभी ठेवली, बूच वाळलं, तुटलं. पण तिसरी बाटलीही दुसरीच्याच कपाटात, तितकीच उभी होती. ती वेटर वापरतात त्या दोन टप्प्यांच्या चाकूवजा ओपनरने उघडली आणि बूच लोण्यातून सुरी निघावी तसं अखंड निघालं. तेव्हा हे मत बदललं. पाच-सहा महिन्यांत बूच वाळून मोडावं इतकं काही होत नाही, वर्षानुवर्षं उभी ठेवली तर गोष्ट वेगळी. इथे दोष आखूड मळसूत्राचाच होता.

पद्धत अशी. वरचं आवरण गळ्याच्या खालच्या कडेखाली कापा, वरच्या कडेला नको, ओतताना धार त्याला लागते. टोक बुचाच्या बरोबर मध्यावर ठेवून अर्धा वेढा तिरकं, मग सरळ. शेवटचा एक वेढा बाहेर दिसेपर्यंत फिरवा, पूर्ण आत घातलं तर टोक बुचाखालून बाहेर येऊन भुगा वाईनमध्ये पडतो. पहिल्या खाचेवर उचला, अर्धं बूच वर आलं की राहिलेला वेढाही आत घाला, मग दुसऱ्या खाचेवर. शेवटचा अर्धा सेंटिमीटर हाताने, हलवत.

तुटलंच तर घाई नको. मळसूत्र 45 अंशात तिरकं घालून उरलेल्या तुकड्याला काचेच्या भिंतीशी दाबत हळूहळू ओढा. दहातले सहा-सात वेळा निघतं. नाहीच निघालं तर तुकडा आत ढकलून द्या आणि चहाच्या बारीक गाळणीतून दुसऱ्या भांड्यात ओता. गाळणीला साबणाचा किंवा चहाचा वास नको, आधी गरम पाण्याने धुवा. वाईनचं काहीही बिघडत नाही. ग्लासात बुचाचे कण तरंगतात म्हणजे वाईन "कॉर्क्ड" झाली असा एक गोड गैरसमज आहे. कॉर्क्ड म्हणजे टीसीए नावाच्या रसायनाची बाधा. ती लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळते आणि बूच दिसायला अगदी धडधाकट असतानाही असू शकते. वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या रद्दीचा. फळाचा वास दबून जातो. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढतो. तसं असेल तर बाटली परत करा. चारही बाटल्यांत तो नव्हता.

तुटलेल्या बुचाने जितका मनस्ताप दिला त्याहून जास्त नुकसान पहिल्या बाटलीत झालं होतं, फक्त ते लक्षात आलं नाही. ती नोव्हेंबरात, खोलीतलं तापमान 28 असताना, उघडून लगेच प्यायली गेली. "रेड वाईन रूम टेम्परेचरला प्या" हे वाक्य दगडी भिंतींच्या युरोपातलं आहे, तिथे त्याचा अर्थ 16 ते 18 अंश. आपल्याकडे त्या वाक्याने जितक्या वाईन वाया घालवल्या असतील तितक्या बुचाने नसतील. 28 ला 14 टक्क्यांच्या घरातला अल्कोहोल आधी नाकात चढतो, फळ मागे पडतं, ओकचा व्हॅनिलासारखा वास तेवढा पुढे राहतो. तेव्हाचं मत होतं: महागडी, पण निम्म्या किमतीच्या वाईनसारखीच. ते मत इथे मागे.

28 अंशांवरची बाटली 17 वर यायला घरच्या फ्रिजमध्ये साधारण दीड तास लागतो. अर्ध्या तासात फक्त काच गार होते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, गळ्यापर्यंत बाटली, दहा-बारा मिनिटं. नुसता बर्फ नको, पाण्याशिवाय तो बाटलीला सगळीकडून लागत नाही. 15 वर ओतायला सुरुवात करा, ग्लासात ती आपोआप चढते. उलट 10-11 पर्यंत गारठवली तर तुरटपणा जिभेला पानातल्या काताइतका बोचतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर ग्लासात बुडवला की वाद मिटतो.

साका धरत असेल तर एक दिवस आधी बाटली उभी करा. 2019 मध्ये अजून फारसा नाही, तळाला चमचाभर. डिकँटर नसेल तर रुंद तळाचा काचेचा जग चालतो, वाईनला त्याची किंमत कळत नाही. गळ्याखाली मोबाइलचा टॉर्च धरून एका धारेत ओतायची, काळसर रेघ गळ्याशी आली की थांबायचं. हवेसाठी दीड ते दोन तास. नुसतं बूच काढून बाटली ठेवल्याने काही होत नाही, गळ्यातलं रुपयाएवढं तोंड हवेला पुरत नाही.

एवढं सगळं तिसऱ्या बाटलीत एकदाचं जमलं आणि तेव्हा ही वाईन आहे काय ते समजलं. ग्लासात नाक घातलं की आंबट चेरी, ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांनी अर्धवट पिकलेलं करवंद आठवावं. मागून सुकी तंबाखू, किंचित चामडं, संत्र्याची वाळलेली साल. काबेर्नेचा 20 टक्के भाग मधल्या जागी कळतो, जांभळाच्या गराचा गडद भरीवपणा. सान्जोवेजे एकटी असती तर तिथे थोडी पोकळ वाटली असती. तुरटपणा जांभळाच्या सालीसारखा, जिभेच्या कडांना धरून ठेवणारा, पण खरखरीत नाही. आणि या सगळ्याखाली धार असल्यासारखी आंबटाई. ती आहे म्हणून दुसरा ग्लास जड होत नाही. घोट गिळल्यावर चव पाऊण मिनिट तरी रेंगाळते. या आंबटाईचं मूळ मळ्यात आहे. मळा 350 ते 400 मीटर उंचीवर, रात्री गार, जमिनीत अल्बेरेसे हा चुनखडी दगड आणि गालेस्त्रो हा भुसभुशीत पापुद्र्यांचा. हाच पांढरा दगड फोडून ते वेलींच्या बुडाशी पसरतात, म्हणजे उजेड खालूनही घडांवर पडतो. हंगाम बिघडला तर वाईन करतच नाहीत: 1972, 73, 74, 76, 84, 92 आणि 2002 ची तिन्यानेल्लो नाही.

जेवणाबरोबर घ्यायची असेल तर तांबड्या रश्श्यापासून लांब ठेवा. तिखट, अल्कोहोल आणि तुरटपणा एकमेकांना पेटवतात, मग चव ना रश्श्याची राहते ना वाईनची. सुकं मटण मिरी-खोबऱ्यावर, तिखट निम्मं करून, उत्तम. पांढरा रस्साही चालतो. शाकाहाऱ्यांनी चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मिरची न घालता करून बघावं, तो धुरकट वास ओकशी जमतो. टोमॅटो या वाईनला घाबरवत नाही, तिच्या गावचाच आहे.

साठवणुकीत एक सापळा. मार्चमध्ये घेतलेलं आठ बाटल्यांचं छोटं वाईन कपाट मे महिन्यात 24-25 दाखवू लागलं. तक्रार केली, माणूस आला, "मशीन ठीक आहे" म्हणून गेला, आणि त्याचं बरोबर होतं. कॉम्प्रेसर नसलेली, पेल्तिए पद्धतीची कपाटं खोलीपेक्षा साधारण पंधरा अंशांनीच खाली जातात. बाहेर 40 असेल तर आत 25. बाराही महिने उन्हाळा सोसायचा असेल तर कॉम्प्रेसरवालंच घ्या, थरथर थोडी जास्त असली तरी. नाहीतर फ्रिजचा भाजीचा कप्पा, कागदात गुंडाळून, कांद्या-लसणापासून दूर. चौथी बाटली मे-जून तिथेच होती, काही झालं नाही. उन्हात तापलेली बाटली ओळखायची खूण: बूच काचेच्या कडेच्या वर किंचित फुगलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ. अशी बाटली दुकानातच नाकारा. आतली वाईन मनुकांच्या पाकासारखी लागते.

उरलेली अर्धी वाईन त्याच बाटलीत बूच लावून ठेवू नका. 375 मिलीची रिकामी, स्वच्छ बाटली उघडल्या उघडल्याच काठोकाठ भरा, झाकण लावा, फ्रिजमध्ये टाका. तीन-चार दिवस व्यवस्थित राहते. हवा काढायच्या पंपाने दोन दिवस, फार तर.

घ्यावी का? इथल्या आयातशुल्कासकट घेणार असाल तर नको, त्या पैशात टस्कनीला जाणाऱ्या कुणाची तरी वाट पाहा. विमानतळावर माणशी दोन लिटरची सूट आहे, त्यात 750 च्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. मात्र 375 ची एक छोटी बसते, हे बहुतेक जण विसरतात. दोन्ही बाटल्या तिन्यानेल्लोच्या आणण्यापेक्षा एक ही आणि एक त्याच मळ्याकडची मार्केझे अंतिनोरी किआन्ती क्लासिको रिझेर्वा आणा. किंमत निम्म्याहून खूप कमी, आणि ती नोव्हेंबरच्या पहिल्या बाटलीसारखी गरम-गरम प्यायली तरी जीव जळत नाही. हात बसवायचा असेल तर त्याआधी अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते ही वाईन घ्या. तीही सान्जोवेजे आणि काबेर्ने सोव्हिन्योंचीच, टस्कनीच्याच पिएरो मासी यांच्या हाताखाली घडलेली. तापमान, हवा, ओपनर या सगळ्या चुका तिच्यावर करून घ्या. आणि पंखवाला ओपनर आजच कुणाला तरी देऊन टाका. चौथ्या बाटलीचं बूच अखंड निघालं, ते ओट्यावर दुसऱ्याच्या अर्ध्या तुकड्याशेजारी ठेवलंय.