सर्चर्स : दीड पौंडात दोन सीडी आणि एक कुरकुर (काही महिन्यांच्या वापरानंतर)

गॅरेजवाल्याने ३४० पौंडांचा आकडा सांगितला, तेव्हाच ठरवलं की या सीडींबद्दल सविस्तर लिहायचं. गाडीचा सीडी प्लेअर साठच्या दशकातल्या सर्चर्स या लिव्हरपूलच्या ग्रुपची एक सीडी गिळून बसला होता. बटण दाबलं की आत घरघर व्हायची, सीडी काही बाहेर यायची नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं, हे आता कोणी दुरुस्त करत नाही, सगळं युनिट काढा आणि टच स्क्रीनवालं बसवा. अडकलेली सीडी ७५ पेन्सची. आणि गाडी ज्या वयाची आहे ते बघता तिच्यावर एवढा खर्च शोभतही नाही. बरं, निदान सीडी तरी नीट काढून द्याल का? तर म्हणे, त्याची खात्री देता येणार नाही. मग ३४० कशाचे घेतोस बाबा?

असो. माल काय ते सांगतो. वॉरिंग्टनच्या एका चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या जुन्या वस्तू विकणारं दुकान) या दोन सीडी मिळून दीड पौंडाला मिळाल्या. पहिली पाय (Pye) रेकॉर्ड्स या कंपनीच्या काळातली, म्हणजे १९६३ पासूनच्या हिट गाण्यांची. दुसरी १९७९ ते ८१ या काळात साइर कंपनीसाठी केलेल्या रेकॉर्डिंगची. लिव्हरपूल, मर्सीबीट (तिथल्या तेव्हाच्या ग्रुपांचं संगीत), हे जिथे वाजवायचे तो हँबुर्गचा स्टार क्लब, जॉन वेनच्या पिक्चरवरून घेतलेलं नाव, हे वाचणाऱ्यांना माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. मी रोज एम-६२ महामार्गावरून लिव्हरपूलला जातो-येतो. गाडीत ब्लूटूथ नाही, एरियल कधीच तुटलाय, त्यामुळे सीडी हेच काय ते करमणुकीचं साधन. पहिली सीडी एका फेरीत जवळजवळ संपते. गाणी दोन-सव्वादोन मिनिटांची, लांबण लावायची पद्धतच नव्हती तेव्हा. गाण्यांच्या संख्येवर हिशोब केला तर एक गाणं तीन-चार पेन्सला पडलं.

आता मुद्द्याचं. ‘नीडल्स अँड पिन्स’ लावा आणि सुरुवातीच्या गिटारीखाली कान द्या. तेल न घातलेल्या झोपाळ्याच्या कडीसारखी एक बारीक कुरकुर येते. ठोक्याबरोबर येते, ठोक्याबरोबर जाते. ते ड्रमर क्रिस कर्टिसच्या बास ड्रमचं पॅडल आहे. जानेवारी १९६४ चं गाणं, तीन आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर, जगभर वाजलं, आणि त्यात ही कुरकुर जशीच्या तशी. पायसारखी मोठी कंपनी, लंडनमध्ये मार्बल आर्चजवळ स्वतःचा स्टुडिओ, टोनी हॅचसारखा निर्माता, आणि तेलाचे दोन थेंब कोणाला सुचले नाहीत!

बायको पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा हे गाणं लागलं होतं. आम्ही सिग्नलला उभे. ती म्हणाली, “अरे, ब्रेक दाखवून घे, काहीतरी वाजतंय.” मी म्हटलं, गाडी उभी आहे, ब्रेक कुठून वाजेल? तिने खिडकी खाली केली, बाहेर कान दिला, मग प्लेअरकडे बघितलं. मी गाणं मागे घेऊन परत लावलं. “हे असं विकलं त्यांनी?” असं तिने विचारलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. साठच्या वेगाला कुरकुर रस्त्याच्या आवाजात बुडते, सिग्नलला परत हजर. हेडफोनवर तर ती सोडून दुसरं काही ऐकूच येत नाही, निदान मला.

सुरुवातीचे काही आठवडे मी याच एका गोष्टीचा अर्धा स्टार कापला होता. बाकी आवाजात खोट काढायला जागा नाही. त्या गाण्यातली गिटार बारा तारांची वाटते, पण ती नाही. ग्रुपमधले माइक पेंडर आणि जॉन मॅकनॅली दोघं साध्या सहा तारांच्या गिटारीवर एकच चाल वाजवतायत, वर थोडा एको. खरी बारा तारांची पुढे ‘व्हेन यू वॉक इन द रूम’मध्ये येते. अमेरिकेतल्या बर्ड्‌स या ग्रुपचा तो खणखणीत आवाज सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याआधी तो इथे तयार होता, आणि श्रेयाच्या यादीत यांचं नाव नेहमी खाली.

श्रेयावरून पैशावर येतो, कारण या ग्रुपचं सगळं करिअर मला तिथेच अडलेलं दिसतं. यांची मोठी गाणी जवळजवळ सगळी दुसऱ्यांची. ‘स्वीट्स फॉर माय स्वीट’ अमेरिकेतल्या ड्रिफ्टर्स या ग्रुपचं. ‘नीडल्स अँड पिन्स’ लिहिलं सनी बोनो आणि जॅक नित्शे यांनी, आधी गायलं जॅकी डीशॅननने. ‘व्हेन यू वॉक इन द रूम’ तर डीशॅननने स्वतःच लिहिलेलं. ‘डोंट थ्रो युअर लव्ह अवे’ ऑर्लन्स या अमेरिकन ग्रुपच्या एका रेकॉर्डची मागची बाजू होती, तिथून उचलून यांनी तिसऱ्यांदा पहिला नंबर गाठला. ‘शुगर अँड स्पाइस’ खुद्द निर्माता टोनी हॅचने लिहिलं, आणि ते फ्रेड नाइटिंगेल असं खोटं नाव लावून यांच्या गळ्यात घातलं. दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. निर्मात्याचे पैसे एका खिशात, गीतकाराचे दुसऱ्या खिशात. माणूस व्यवहारी!

गाणं रेडिओवर वाजलं की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात. गाणाऱ्याची भिस्त मुख्यतः कार्यक्रमांवर. म्हणजे प्रत्येक वेळी पेटी उचलायची, व्हॅनमध्ये टाकायची, आणि गावोगाव जायचं. बीटल्सनी स्वतः लिहिलं, म्हणून त्यांना १९६६ नंतर स्टेजवर जायची गरज उरली नाही. सर्चर्स साठ वर्षं फिरले. लोक याला निष्ठा म्हणतात. असेलही, पण मला त्यात घरखर्चही दिसतो.

त्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही. १९६५ चं ‘हीज गॉट नो लव्ह’ कर्टिस आणि पेंडरचं स्वतःचं, या सीडीवरचं माझं आवडतं गाणं. बाराव्या नंबरापर्यंत गेलं. त्याच सुमाराचं ‘व्हॉट हॅव दे डन टू द रेन’ मॅल्विना रेनॉल्ड्सचं, अणुचाचण्यांच्या विषारी पावसावरचं. इतकं गोड गायलंय की मी कित्येकदा ऐकलं तरी शब्दांकडे लक्ष गेलं नव्हतं. गेलं तेव्हा वायपर चालू होते, आणि पुढची काही मैल जरा विचित्र गेली.

ज्याच्या आवाजाने पहिले दोन हिट दिले, त्या टोनी जॅक्सनचं काय झालं? ‘नीडल्स’पासून मुख्य गाणं पेंडरकडे गेलं आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जॅक्सन बाहेर. त्याच्या जागी फ्रँक ॲलन. मग अमेरिकेत कंपनीने पहिल्या अल्बममधलं जुनं ‘लव्ह पोशन नंबर नाइन’ सिंगल म्हणून काढलं आणि ते तिसऱ्या नंबरावर गेलं. अमेरिकेतलं यांचं सगळ्यात मोठं गाणं, आणि ते गाणारा माणूस ग्रुपमध्येच नाही! ब्रिटनमध्ये तर ते सिंगल म्हणून आलंच नव्हतं. हे लागलं की मी आवाज वाढवतो. जॅक्सनच्या गळ्यात एक धार होती, ती पेंडरकडे नाही. पेंडर जास्त सुरेल, पण धार नाही.

आणि तो कुरकुर करणारा कर्टिस? ग्रुपसाठी अमेरिकन रेकॉर्ड धुंडाळून गाणी शोधणारा मुख्यतः तोच. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यानंतर त्याने ग्रुप सोडला. पुढच्या वर्षी त्याने ‘राउंडअबाउट’ नावाच्या ग्रुपची कल्पना काढली, कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन लॉर्डला गाठलं, गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरला बोलावणं धाडलं. हा स्वतः मधेच गळला आणि राहिलेल्यांचा झाला डीप पर्पल हा नामांकित रॉक ग्रुप. मग १९६९ च्या सुमारास कर्टिसने नोकरी धरली. कुठे, तर आयकर खात्यात! वर्षानुवर्षं तिथे. मी स्वतः दर जानेवारीत रिटर्न भरताना त्या खात्याच्या फोनवर ताटकळतो, त्यामुळे हे वाचल्यावर त्याच्याबद्दलचा राग कमी व्हायचं कारण नव्हतं. पण झाला. दोन अजरामर ग्रुपांना हातभार लावून माणूस टेबलामागे फायली बघत बसतो, तर त्याच्या पॅडलला आपण काय बोलणार? अर्धा स्टार तिथेच परत दिला.

इथपर्यंत मत असं होतं की पहिली सीडी घ्या, दुसरी फुकट मिळाली तरच. मग दुसरी अडकली.

प्लेअर बाहेर काढेना, पण आत वाजवत होता. त्यामुळे गाडीत दुसरं काही लागणं शक्यच नव्हतं. साठच्या दशकातली माणसं १९७९ मध्ये काय करणार, म्हणून मी ती एकदाच अर्धवट ऐकून ठेवली होती. मधल्या काळात यांची अवस्था म्हणजे उत्तर इंग्लंडच्या क्लबांमध्ये, लोक जेवतायत आणि हे जुनी गाणी म्हणतायत. तिथून साइरच्या सिमोर स्टाइनने यांना उचललं. साइर म्हणजे रमोन्स या अमेरिकन पंक ग्रुपची कंपनी. रमोन्सनी १९७८ मध्ये ‘नीडल्स अँड पिन्स’ स्वतः गायलं होतं, तेव्हा दुवा अगदीच ओढून आणलेला नव्हता. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत दोन अल्बम झाले. पहिलंच गाणं ‘हार्ट्स इन हर आइज’ असं आहे की रस्ता मोकळा असेल तर स्पीड कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं. टॉम पेटीचं एक गाणं आहे, बिग स्टारचं ‘सप्टेंबर गर्ल्स’ आहे. आवाज स्वच्छ, गिटारी तशाच खणखणीत, चाळिशीकडे आलेल्या माणसांचं गाणं पण थकलेलं नाही. पॅडलही मुकाट.

खपले नाहीत. दोन अल्बमनंतर कंपनीने हात झटकले. माझं आताचं मत विचाराल तर ही सीडी पहिलीपेक्षा जास्त टिकणारी आहे. पहिलीतली गाणी आपल्याला आधीच पाठ असतात, ही प्रत्येक वेळी थोडी नवी निघते. इथेही गाणी बहुतेक दुसऱ्यांचीच, म्हणजे व्यवहाराची अक्कल पंधरा वर्षांत तसूभर वाढलेली नाही, पण निवडणाऱ्याचा कान शाबूत आहे.

प्लेअरचं म्हणाल तर तो सुटला. बाजारात जुन्या हायफाय दुरुस्त करणारे एक आजोबा बसतात. त्यांनी युनिट उघडून दाखवलं. सीडी आत ओढणारा रबरी रोलर झिजून गुळगुळीत झाला होता, पकडच नाही. त्यांनी तो स्पिरिटने पुसला, बारीक पॉलिश पेपरने खरवडला आणि वीस पौंड घेतले. वर सीडीच्या कडेला कोणीतरी चिकटवलेलं किमतीचं लेबल नखाने काढून माझ्या हातात दिलं. खरा गुन्हेगार ते लेबलच होतं. दुकानदारांनी सीडीवर लेबल लावू नये, केसवर लावावं. एवढं साधं कळू नये?

घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना, यात पैसे बुडू शकतात. साठच्या दशकातल्या ग्रुपांच्या स्वस्त सीडींवर पुष्कळदा नंतर परत रेकॉर्ड केलेली गाणी असतात, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किंवा नसतंच. सर्चर्सनीही १९७२ मध्ये आरसीए कंपनीसाठी जुने हिट पुन्हा रेकॉर्ड केले, ड्रमवर तेव्हा बिली ॲडमसन. शिवाय डिसेंबर १९८५ मध्ये पेंडर वेगळा झाला आणि स्वतःच्या नावाचे सर्चर्स काढून फिरू लागला, इकडे मॅकनॅली आणि ॲलन मूळ नावाने. कोर्टकचेरी झाली. कव्हरवर नाव एकच, आत कोण ते बघावं लागतं. यावर माझ्याकडे साधी कसोटी आहे. ‘नीडल्स अँड पिन्स’ हेडफोनवर लावा. कुरकुर आली तर माल १९६४ चा, अस्सल. नाही आली तर सीडी परत करा. सोन्यावर हॉलमार्क असतो तेवढंच पक्कं.

लिव्हरपूलमध्ये मॅथ्यू स्ट्रीटवर, बीटल्स जिथे वाजवायचे त्या कॅव्हर्न क्लबबाहेर बाराही महिने फोटो काढणाऱ्यांची गर्दी. तिथून जवळच टेंपल स्ट्रीट, जिथे आयर्न डोअर क्लब होता आणि हे लोक वाजवायचे. दुपारच्या सुट्टीत मी त्या बाजूने जातो, तिथे फोटो काढताना मला आजवर कोणी दिसलेलं नाही. २०१९ मध्ये यांनी निरोप घेतला, २०२३ मध्ये परत आले, आणि शेवटचा कार्यक्रम जून २०२५ मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात केला. त्या मैदानावर ही त्यांची पहिलीच वेळ होती. मॅकनॅली तेव्हा ८३ वर्षांचे. दोन वेळा निरोप घेणाऱ्यांचा मला राग येतो, तिकिटं दोनदा विकली जातात म्हणून. इथे मात्र पाठीमागे हिट गाण्यांची गीतकाराची रॉयल्टी नसलेला माणूस आहे, तेव्हा चालायचंच.

पाचपैकी स्टार : पहिली सीडी चार, दुसरी साडेचार. पहिलीचा एक स्टार जॅक्सनला लवकर घालवल्याबद्दल कापला, दुसरीचा अर्धा आतल्या पुस्तिकेची अक्षरं चष्म्यानेही वाचता येत नाहीत म्हणून. एक पौंडाच्या वर देऊ नका, चॅरिटी शॉपमध्ये आठवडाभर थांबलात तर पन्नास पेन्सलाही मिळते.