परदेशी मेसेज कशावरून पाठवायचा? आधी देश सांगा, मग ॲपचं बघू

जुलै-ऑगस्ट आला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक-दोन घरांत तरी बॅगा भरायला लागतात. कुणाचा मुलगा एमएस करायला अमेरिकेला, कुणाची मुलगी जर्मनीला. मग संध्याकाळी कुणीतरी फोन हातात घेऊन दारात उभं राहतं. "ताई, मेसेजला कुठलं ॲप बरं?" मी विचारते, "निघालाय कुठे?" त्यांना वाटतं मी विषय टाळतेय. पण घरातलीच माणसं चार देशांत पांगल्यापासून माझं मत पक्कं झालंय. देश बाजूला ठेवून ॲपची तुलना करण्यात काही अर्थ नाही. न्यू जर्सीत बिनबोभाट चालणारं ॲप शांघायमध्ये नुसतं गोल गोल फिरत बसतं.

आधी एसएमएसचं उरकून टाकते, कारण 'नेट नसलं तर एसएमएस आहेच की' असं बरेच जण धरून चालतात. आहे, पण महाग. पॅकवर रोजचे १०० एसएमएस फुकट लिहिलेले असतात ते देशातल्या देशात. परदेशी नंबरला एक एसएमएस साधारण ५ रुपयांना पडतो. त्यात मराठीची वेगळीच गंमत. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, पाय मोडलेला, सगळं सुटं मोजलं जातं. 'ज्ञानेश्वरी' आपल्या लेखी चार अक्षरं, फोनच्या लेखी अकरा. माझ्या आईने दुबईतल्या नातवाला वाढदिवसाला चार ओळींचा आशीर्वाद एसएमएसने धाडला, तो तीन एसएमएसचा निघाला. पंधरा रुपये. नेटवरून तोच मजकूर गेला असता तर डेटाच्या हिशेबात दिसलाही नसता.

आता अमेरिका, कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलिया. इथे सगळी ॲप चालतात, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून बघायची तर इथेच.

व्हॉट्सॲपचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते समोरच्याकडे असतंच. जर्मनीत तर घरमालकही त्यावरच भेटतो. २०१६पासून त्यातले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो, मधल्या कंपनीला नाही. मात्र तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता ही माहिती मेटाकडे, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडे, जमत राहते. शिवाय क्लाउडवरच्या बॅकअपला हे कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते वेगळं लावावं लागतं, आणि ते लावलेला माणूस मला अजून भेटायचाय.

सिग्नलचं कुलूप तेच आहे. खरं तर व्हॉट्सॲपने ते सिग्नलकडूनच घेतलंय. फरक मालकाचा. सिग्नलमागे ना-नफा संस्था आहे, जाहिराती नाहीत, आणि तुमच्याबद्दलची नोंदही जवळजवळ ठेवत नाही. २०२४पासून त्यात युजरनेम आलंय, त्यामुळे समोरच्याला आपला नंबर न देताही बोलता येतं. परदेशात अनोळखी रूममेट शोधणाऱ्या मुलींसाठी मला हे फार कामाचं वाटतं. अडचण एकच, तिथे कुणी नसतं. माझ्या सिग्नलवर अकरा माणसं आहेत, त्यातली सात मीच ओढून आणलेली.

टेलिग्रामबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. नावामुळे म्हणा, ऐकीव गोष्टींमुळे म्हणा, लोकांना ते सगळ्यात गुप्त वाटतं. त्याची नेहमीची चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते, ती कंपनीच्या सर्व्हरवर राहते. 'सीक्रेट चॅट' वेगळी उघडावी लागते, ती दोघांपुरतीच, ग्रुपला नाहीच. त्याचा फायदाही ह्याच गोष्टीत आहे. फोन हरवला, फुटला तरी नव्या फोनवर जुनं सगळं जसंच्या तसं उघडतं. लग्नाचे फोटो, क्लासच्या नोट्स, २ जीबीपर्यंतच्या फाइल, यासाठी मी ते वापरते. पासपोर्टची झेरॉक्स त्यावर टाकू नका.

अमेरिकेत गेलेली मुलं सहा महिन्यांत आयफोन घेतात आणि मग आयमेसेजवर, म्हणजे आयफोनच्याच मेसेजिंगवर, जातात. दोन्हीकडे आयफोन असेल तर उत्तम सोय, नाहीतर नाही. आणि एक बारीक खाच आहे. नेट गेलं की आयफोन तोच मेसेज गुपचूप एसएमएस म्हणून पाठवू शकतो. मेसेजचा रंग निळ्याचा हिरवा झाला की पाच रुपये गेले. मेसेजच्या सेटिंगमध्ये 'सेंड ॲज टेक्स्ट मेसेज' हे बटण असतं, ते बंद ठेवा. आपलं अरट्टईही आहे, चेन्नईच्या झोहोचं. पण जर्मन घरमालकाला ते डाउनलोड करायला कोण सांगणार?

दुबईपासून मात्र गणित बदलतं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, फोटो जातात, कॉल लागत नाही. कॉलसाठी तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप घ्यावं लागतं. 'व्हीपीएन टाकला की झालं', म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून नेट वापरतोय असं दाखवणारं ॲप घ्या, असं सांगणारा एक तरी शहाणा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तिथे व्हीपीएनच्या गैरवापराला लाखो दिरहॅमचा दंड आहे, तो हा शहाणा भरणार नाही. आईने यावर स्वतःच तोडगा काढलाय. ती रोज दुपारी नातवाला दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवते. मागे टीव्हीवर मालिका चालू, मधेच "अगं, दूध आलं वाटतं", पुन्हा नातवाकडे. दुबई आपल्यापेक्षा दीड तासच मागे, त्यामुळे त्याच्या जेवणाच्या सुट्टीत तो ऐकतो. कॉलपेक्षा मला हेच बरं वाटतं.

चीनचं सगळ्यात अवघड, कारण तिथे भिंत दोन्ही बाजूंनी आहे. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल चीनने बंद केलेली. तिथे सगळे वापरतात ते वीचॅट भारताने २९ जून २०२०ला ५९ ॲपच्या यादीत बंद केलं. माझा दीर कंपनीच्या कामाला सहा महिने शांघायला होता. पहिले दोन आठवडे भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सॲप छान चाललं, कारण रोमिंगचा डेटा आपल्या इकडच्या कंपनीमार्फत फिरतो. मग त्याने स्वस्त पडतं म्हणून तिकडचं सिम घेतलं आणि जाऊबाईंच्या फोनवर एकच राखाडी टिक येऊन बसली. शेवटी जाऊबाईंनी एक जुना आयफोन विकत घेतला, केवळ आयमेसेजसाठी, कारण ते तिथे चालतं. पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याने सरळ रोमिंग पॅक घ्यावा. जास्त राहणाऱ्याने निघण्याआधी घरच्यांशी ईमेलवर तरी ठरवून ठेवावं.

रशियात मेडिकलला आपली बरीच मुलं आहेत. तिथे सिग्नल २०२४ला बंद झालं, ऑगस्ट २०२५पासून व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर निर्बंध आले, आणि मॅक्स नावाचं तिथलं स्वतःचं ॲप नव्या फोनमध्ये घालूनच विकायला लागले. जाणाऱ्याने त्याच कॉलेजातल्या सीनिअरला विचारावं, माझं ऐकू नये. जपानला जाणाऱ्याने व्हॉट्सॲप ठेवावं, पण ऑफिसातली माणसं 'लाइन' नावाच्या ॲपवर भेटतील. कोरियात काकाओटॉकवर.

ॲप निवडून झालं की लोक निर्धास्त होतात, आणि घोटाळा होतो तो नंबरात. माझी भाची जर्मनीत श्टुटगार्टला गेली तेव्हा व्हॉट्सॲप भारतीय नंबरवरच ठेवलं होतं, सगळे ठेवतात तसंच. सिम कपाटात, रिचार्ज कोण करणार. बंद पडलेला नंबर ९० दिवस उलटले की कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. एका सकाळी भाचीच्या फोनवरचं व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडलं, आणि आमच्या 'मामाकडचे' ग्रुपमध्ये तिच्या नंबरापुढे ट्रॅक्टरचा डीपी आला. माझ्या भावाने न बघता रोजच्यासारखं विचारलं, "जेवलीस का?" उत्तर आलं, "भाई, आप लोग कौन हो?" माणूस भला होता, स्वतःहून बाहेर पडला. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावलेला असता तर त्याला लगेच शिरताच आलं नसतं.

आता त्यात भर पडली आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश दिला की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं, आणि वेबवरचं लॉगिन दर सहा तासांनी सुटावं. म्हणजे सिम कपाटात आणि व्हॉट्सॲप हातात, हा जुना थाट धरून कुणी निघू नये.

म्हणून मी दोन गोष्टी समोर ठेवते. तीन-चार महिन्यांसाठी जाणार असाल तर भारतीय नंबरच ठेवा आणि ते सिम दुसऱ्या खाचेत राहू द्या. बँकेचा ओटीपी तसाही त्यावरच येतो. दोन वर्षं किंवा जास्त राहणार असाल तर तिकडचा नंबर मिळाल्यावर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून 'चेंज नंबर' करा. चॅट आणि ग्रुप जागेवर राहतात, ओळखीच्यांना कळवताही येतं. भारतीय सिम बँकेपुरतं रिचार्ज करत राहायचं. ही दुसरी वाट जरा खटपटीची आहे, पण मला तीच पसंत. जर्मनीत मात्र ओळख पटवल्याशिवाय सिम चालू होत नाही, तेव्हा पहिले काही दिवस जुन्याच नंबरवर काढायचे.

शेजारच्या वहिनींचा मुलगा गेल्या वर्षी जर्मनीतच आखेनला गेला. व्हॉट्सॲप ठेवलं, पिन लावला, सिग्नल दुसऱ्या फळीला. नवा नंबर त्याने ईमेलने कळवला, ०१५१ने सुरू होणारा. वहिनींनी तो नीट जर्मनीचा +४९ लावून सेव्ह केला, तरी दोन दिवस त्याच्या नावापुढे 'इन्व्हाइट' दिसत राहिलं. मग मला बोलावणं आलं. +४९ लावलं की पुढचं शून्य काढायचं असतं, ते त्यांनी तसंच ठेवलं होतं. शून्य खोडलं, आणि त्याचा फोटो उगवला. खाली मेसेज आला, "आई, दोन वाट्या तांदळाला पाणी किती?"