घरातला अँटेना की गच्चीवरचा? मोफत चॅनेलांसाठी काय घ्यावं

महिन्याचं भाडं न भरता हवेतून येणारी मोफत चॅनेलं बघायची म्हटलं की गाडी अँटेनापाशी येऊन अडते. खिडकीला चिकटवायचा कागदासारखा पातळ, टीव्हीच्या मागे ठेवायचा दोन दांड्यांचा, गच्चीवरचा लांबलचक काड्यांचा, की जाळीपुढे फुलपाखरं मांडल्यासारखा तो चौकोनी? माझं मत आधीच सांगून टाकतो: बाहेर, उंचावर लावायची सोय असेल तर मध्यम आकाराचा साधा अँटेना घ्या, बूस्टर (सिग्नल वाढवणारं विजेवरचं उपकरण) नसलेला. घरातला कितीही महागडा अँटेना त्याच्या पासंगाला पुरत नाही. सोय नसेल तर घरातला घ्यावाच लागतो, पण तो बघून घ्यावा.

खरेदीआधी तीन गोष्टी माहीत करून घ्या: प्रक्षेपणाचा मनोरा कोणत्या दिशेला आहे, किती लांब आहे आणि तुम्हाला हवी असलेली चॅनेलं कोणत्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या कोणत्या पट्ट्यात येतात: कमी फ्रिक्वेन्सीच्या व्हीएचएफवर की जास्तीच्या यूएचएफवर. पहिल्या दोन लोक विचारतात, तिसरी हमखास राहून जाते आणि फसगत तिथेच होते. अँटेनाची दांडी किती लांब हवी ते चॅनेलच्या लहरीवर ठरतं. 300 ला चॅनेलच्या मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. यूएचएफवरचं 600 मेगाहर्ट्झचं चॅनेल धरलं तर लहर 50 सेंटिमीटरची, आणि तिला पकडायला साधारण निम्मी, म्हणजे 25 सेंटिमीटरची दांडी पुरते. व्हीएचएफवर 200 मेगाहर्ट्झला लहर दीड मीटरची, दांडी 75 सेंटिमीटरची. आता तो खिडकीचा पातळ अँटेना हातात घेऊन बघा. वीतभर रुंदीचा तो पत्रा यूएचएफ झकास घेतो; व्हीएचएफचं चॅनेल त्याच्यावर आलंच तर मनोरा जवळ आहे म्हणून येतं.

म्हणून घरातल्या दोघांत मी दांड्यांच्या बाजूचा आहे, निदान जिथे व्हीएचएफवर एखादं चॅनेल आहे तिथे तरी. दिसायला जुनाट, पण दांड्या हव्या तेवढ्या ओढता येतात. मात्र त्या पूर्ण ओढल्या म्हणजे उत्तम असं नाही. 200 मेगाहर्ट्झला दोन्ही मिळून 75, म्हणजे प्रत्येक दांडी 37-38 सेंटिमीटर पुरते. यूएचएफसाठी त्याला वेगळं छोटं कडं असलेलाच घ्या. सगळी चॅनेलं यूएचएफवर असतील तर पातळ अँटेना बेलाशक घ्या, जागाही अडत नाही. फक्त पहिल्याच दिवशी कायमचा चिकटवू नका. ऊन अडवण्यासाठी धातूचा थर दिलेली काच, भिंतीतला चंदेरी फॉइल, स्लॅबमधल्या सळया, पत्र्याचं छत हे सगळं सिग्नल खातं. साध्या चिकटपट्टीने दोन दिवस जागा बदलून बघा. हातभर सरकवल्याने चित्र येतं किंवा जातं, हा अनुभव इतक्या वेळा घेतलाय की आता मी केबल थोडी जास्तच लांब घेतो.

गच्चीवरच्या अँटेनांत खरी निवड यागी आणि लॉग पिरिऑडिक यांच्यात असते. दुरून दोन्ही काड्यांच्या पट्ट्याच दिसतात. जवळ जाऊन बघितलं की फरक कळतो. यागीत केबल फक्त एकाच काडीला जोडलेली असते, बहुधा लांबट कड्यासारख्या वळवलेल्या. मागची काडी परावर्तन करते, पुढच्या काड्या सिग्नलला वाट दाखवतात. लॉग पिरिऑडिकमध्ये दोन समांतर दांडे असतात आणि लहान होत जाणाऱ्या सगळ्या काड्या त्यांना आलटूनपालटून जोडलेल्या असतात. यागी 1926 च्या सुमारास जपानमध्ये उदा आणि यागी या दोन संशोधकांनी घडवला. शंभर वर्षं होत आली तरी ठरावीक पट्ट्यात, एकाच दिशेने, लांबून सिग्नल आणायला तो तोडीस तोड आहे. लॉग पिरिऑडिकचा गेन, म्हणजे समोरून येणारा सिग्नल गोळा करायची ताकद, तेवढ्याच लांबीच्या यागीपेक्षा कमी, पण पूर्ण पट्ट्यात जवळजवळ सारखा. मनोरा फार लांब आणि चॅनेलं एकाच बँडवर असतील तर यागी. बाकी बहुतेक घरांना मी लॉग पिरिऑडिकच सुचवतो, कारण उद्या एखादं चॅनेल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेलं तरी तो हात देतो. जाळीचा चौकोनी अँटेना मुख्यतः यूएचएफचा. दोन मनोरे थोड्या वेगळ्या दिशांना असतील तर त्याची रुंद नजर कामी येते, पण वाराही तो तेवढाच झेलतो, तेव्हा खांब दणकट हवा.

खोक्यावर छापलेल्या पल्ल्यावर विश्वास ठेवू नका. मनोऱ्याची आणि अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि 4.12 ने गुणा. 100 मीटरचा मनोरा आणि 9 मीटरवरचा अँटेना असेल तर उत्तर येतं साधारण 54 किलोमीटर. त्यापुढे पृथ्वीचा बाकच आड येतो. पलीकडून कधी काही आलं तरी रोजच्या बघण्यासाठी ते धरायचं नाही. ‘एचडी अँटेना’, ‘4के अँटेना’ हेही नुसते शब्द. धातूच्या काडीला चित्राची प्रत कळत नाही. डीव्हीबी-टी2, एटीएससी किंवा आयएसडीबी-टी या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतींपैकी तुमच्या देशात जी चालते ती समजणारा ट्यूनर टीव्हीत किंवा बॉक्समध्ये हवा. तुमच्या छपरावर जुना, योग्य बँडचा अँटेना पडून असेल तर आधी त्यालाच जोडून बघा.

बूस्टरबद्दल कळकळीने सांगतो, कारण सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि तरी चित्र कळायचं. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ, आणि त्याखाली तुकडे किंवा काळा पडदा. बूस्टर आलेल्या सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. अँटेनाने जे पकडलंच नाही ते तो आणू शकत नाही. मनोरा जवळ असेल तर उलट ट्यूनर गुदमरतो आणि होती ती चॅनेलंही जातात. बूस्टरचा खरा उपयोग केबलमधली गळती भरून काढायला, आणि तोही अँटेनापाशी, खांबावर लावला तर.

गळती थोडीथोडकी नसते. आरजी-6 ही अँटेनाची नेहमीची केबल यूएचएफवर 10 मीटरमागे साधारण 2 डीबी (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) घेते, एक सिग्नल दोन टीव्हींना वाटणारा स्प्लिटर आणखी साडेतीन. म्हणजे 20 मीटर केबल आणि एक स्प्लिटर झाला की साडेसात डीबी जातात आणि सिग्नलचा पाचवा हिस्साही उरत नाही. तेव्हा केबल 75 ओहमची आरजी-6 घ्या आणि कनेक्टर स्वतः बघून घ्या. ‘अँटेनाच खराब आहे’ अशा एका घरात मी कनेक्टर उघडला, तर केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला होता. तेवढा कापला आणि सगळी चॅनेलं आली.

बाहेर लावणार असाल तर खांबाचं आणि केबलच्या जाळीचं अर्थिंग जाणकाराकडून करून घ्या, विजेशी खेळ नको. दिशा लावताना अँटेना थोडा फिरवायचा आणि चार-पाच सेकंद थांबायचं, कारण डिजिटल ट्यूनरला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. पडद्यावरच्या मेनूत ताकदीपेक्षा गुणवत्तेचा आकडा बघा. तो सर्वात वर गेला की खांबावर मार्करने रेघ मारा आणि मगच नट आवळा. आवळताना अँटेना हटकून थोडा सरकतो.