पायाच्या रक्तवाहिन्या ‘साफ’ करून देणाऱ्या शिबिरात आमची झालेली फसवणूक

रक्तवाहिन्यांतील ब्लॉकेज ऑपरेशनशिवाय साफ करून देतो, असे सांगणाऱ्या एका मोफत तपासणी शिबिरात माझ्या वडिलांकडून 28,500 रुपये घेण्यात आले. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण त्याहून कितीतरी मोठे नुकसान त्या तथाकथित उपचाराने त्यांच्या उजव्या पायाचे केले. अशी शिबिरे तालुक्याच्या गावांत मंगल कार्यालये भाड्याने घेऊन भरत असतात आणि तिथले बोलणे ऐकणाऱ्याला अगदी पटते, म्हणून हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

वडील 75 वर्षांचे आहेत, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. मधुमेह जुना आहे आणि तरुणपणापासूनची बिडीची सवय अलीकडेपर्यंत सुटलेली नव्हती. मंडईच्या रस्त्याने थोडे अंतर चालले की त्यांची उजवी पोटरी आवळून यायची, थांबले की दोन-तीन मिनिटांत मोकळी व्हायची आणि पुन्हा साधारण तेवढेच अंतर चालल्यावर तोच त्रास सुरू व्हायचा. पायाच्या धमनीतून, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीतून, पुरेसे रक्त पोचत नसल्याचे हे ठळक लक्षण आहे. विश्रांती घेत असताना पोटरीच्या स्नायूंना थोडेच रक्त लागते, त्यामुळे अरुंद झालेली धमनीही तेवढी गरज भागवते. चालताना मात्र ही मागणी अनेक पटींनी वाढते, पुरवठा वाढू शकत नाही आणि प्राणवायू कमी पडलेला स्नायू दुखू लागतो. एखाद्या जाणत्या डॉक्टरला हे वर्णन ऐकूनच संशय आला असता. दुर्दैवाने त्याच आठवड्यात शेजारच्या काकांनी शिबिराचे पत्रक आणून दिले आणि आई-वडील दोघेही तिकडे गेले.

तिथे वडिलांच्या हातात एक धातूची कांडी धरायला दिली, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली होती, आणि मिनिटभरात अनेक पानांचा रंगीत रिपोर्ट छापून आला. त्यात ‘रक्ताची घनता’, ‘रक्तवाहिन्यांची लवचिकता’, ‘मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा’ असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे दशांश चिन्हानंतर तीन-तीन अंक असलेला आकडा होता. पायाच्या दुखण्यासाठी आलेल्या माणसाला मोजे काढायला मात्र कोणीही सांगितले नाही. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे धमनीचे ठोके बोटांना लागतात का, हे कोणी पाहिले नाही, पायाचा थंडपणा कोणी तपासला नाही आणि नखांकडे कोणी पाहिले नाही. या तपासणीला काही खर्च येत नाही, यंत्र लागत नाही आणि पायाच्या रक्ताभिसरणाविषयी ती त्या सबंध रिपोर्टपेक्षा अधिक सांगून जाते.

त्यानंतर प्रात्यक्षिक झाले. एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत पिवळा, मेणासारखा थर बसवलेला होता, प्रतिनिधीने तीत पावडर मिसळलेले गरम पाणी ओतले, थर विरघळून खालच्या ग्लासात आला आणि तो म्हणाला, “काका, तुमच्या पायातही हेच साचलेलं आहे, तीन महिन्यांत धुऊन निघेल.” हे एक वाक्य सगळ्या फसवणुकीचा पाया आहे, म्हणून त्यात काय खोटे आहे ते नीट सांगतो.

धमनी ही निर्जीव नळी नाही. तिच्या भिंतीला तीन थर असतात: आतला अत्यंत पातळ, गुळगुळीत पेशींचा, मधला स्नायू आणि लवचिक तंतूंचा, जो आकुंचन-प्रसरणाने रक्ताचा पुरवठा कमी-अधिक करतो, आणि बाहेरचा आधार देणारा, ज्यात मोठ्या धमन्यांना स्वतःचे पोषण पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही असतात. तंबाखूचा धूर, वाढलेली साखर, उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांमुळे आतला थर दुखावला की कोलेस्टेरॉलचे कण त्याच्या खाली, भिंतीच्या आत शिरतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच अडकतात, त्यावर तंतूंचे आवरण तयार होते, पुढे त्यात कॅल्शियमही साठते. म्हणजे ज्याला आपण ब्लॉकेज म्हणतो ते पोकळीत बसलेला गाळ नसून भिंतीतच वाढलेली गाठ असते, आणि तिच्यावर जिवंत पेशींचे आच्छादन असते. ती धुऊन काढणारा द्रव शक्य नाही. प्यायलेली पावडर आतड्यात पचते आणि तिचे शोषलेले घटक आधी यकृतात जातात. तरीही चरबी विरघळवणारे काही रक्तात पोचलेच, तर ते आधी तांबड्या पेशींचा नाश करील, कारण त्यांचे आवरणही स्निग्ध पदार्थांचेच बनलेले असते. प्लॅस्टिकच्या नळीला यातले काहीच नसते, म्हणून ते प्रात्यक्षिक यशस्वी होते.

किटमध्ये पावडरीच्या डब्यांबरोबर पायात घालायचे घट्ट स्टॉकिंग होते, आणि सोबतच्या सूचनांत लिहिले होते की दिवसभर स्टॉकिंग घालावे, झोपताना पाय उशांवर उंच ठेवावेत, पाय गरम पाण्यात बुडवून शेकावेत, चालणे शक्य तितके टाळावे आणि ‘रासायनिक’ गोळ्या हळूहळू बंद कराव्यात. त्या गोळ्यांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली ॲस्पिरिन होती आणि कोलेस्टेरॉलचे औषधही होते. ही प्रत्येक सूचना माझ्या वडिलांच्या आजारात उलटी होती.

घट्ट स्टॉकिंग आणि पाय उंच ठेवणे हे शिरांच्या, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या, आजारातले उपाय आहेत. पायाकडून हृदयाकडे परत जाणारे रक्त गुरुत्वाच्या विरुद्ध चढते; पोटरीचे स्नायू आवळले की ते वर ढकलले जाते आणि शिरांमधल्या एकदिशा झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात आणि पाय दिवसभर उभे राहिल्याने संध्याकाळी सुजतात व जड होतात. तिथे बाहेरून दिलेला दाब उपयोगी पडतो. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी 1628 साली रक्ताभिसरण सिद्ध करताना दंडावर पट्टी बांधून हाच फरक दाखवला होता: पट्टी मध्यम आवळली तर फक्त शिरा दाबल्या जातात आणि हात सुजतो, खूप आवळली तर धमनीही बंद होते आणि हात थंड पडतो. ज्या पायाच्या धमनीतच दाब उरलेला नाही, त्या पायाला मध्यम आवळणेही फार होते.

हे किती फार होते, ते पुढे हॉस्पिटलमध्ये मोजलेल्या आकड्यांवरून समजले. व्हॅस्क्युलर सर्जनांनी, म्हणजे रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी, दंडाला आणि घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधून डॉपलरच्या (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या) लहान यंत्राने दाब मोजला: दंडात 150, उजव्या घोट्यात 84. दोहोंचे गुणोत्तर 0.56 आले, निरोगी माणसात ते 1 किंवा किंचित जास्त असते आणि 0.9 च्या खाली गेले की धमनीचा आजार मानतात. (मधुमेहात धमनीची भिंत कॅल्शियममुळे कडक होऊन हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून त्यांनी कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीही करून घेतली.) पाय हृदयाच्या पातळीपेक्षा 40 सेंटिमीटर उंच ठेवला की घोट्यातला दाब सुमारे 30 ने उतरतो, आणि त्यावर स्टॉकिंगचा दाब येतो. रोज रात्री आम्ही उशा रचून त्या पायाचे उरलेसुरले रक्तही काढून घेत होतो, आणि हे करायला सांगणाऱ्याने त्या पायाला एकदाही हात लावलेला नव्हता, याचा मला आजही संताप येतो.

काही आठवड्यांतच रात्री पावलात आग होऊ लागली आणि वडील खाटेवरून पाय खाली सोडून बसू लागले. तसे बसल्याने त्यांना बरे वाटायचे, कारण खाली लोंबत्या पायाला गुरुत्वामुळे थोडे रक्त मिळते. आईने प्रतिनिधीला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “विष बाहेर पडतंय, त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडतंय.” मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेली होती, म्हणून शेकण्याच्या गरम पाण्याने करंगळीजवळ फोड आला तो त्यांना कळलाच नाही. तो स्टॉकिंगखाली चिघळला, काळा पडला आणि मग हॉस्पिटल गाठले. मांडीतली मुख्य धमनी फुग्याने रुंद करून स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवावा लागला. पाय वाचला, करंगळी काढावी लागली.

आता त्यांना रोज चालायला सांगितले आहे: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे. नियमित चालण्याने स्नायू मिळालेल्या प्राणवायूचा अधिक चांगला वापर करू लागतात आणि अडथळ्याला वळसा घालणाऱ्या पर्यायी वाहिन्यांनाही चालना मिळते. या आजारातला हा अधिकृत उपचार आहे आणि शिबिरवाल्यांनी नेमका तोच बंद करायला लावला होता. फुग्याने आणि स्टेंटने धमनीचा व्यास थोडा जरी वाढला तरी फरक मोठा पडतो, कारण नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो; तत्त्वतः त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. अर्थात बिडी सुटल्याशिवाय यातले काहीच टिकत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि वडिलांनी ती सोडली.

घरी आल्यावर मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. पहिल्या तपासणीत वय 75 टाकलेले होते. महिन्याभराच्या ‘फॉलोअप’मध्ये टायपिंगच्या चुकीने 57 पडले होते, आणि त्या रिपोर्टात रक्तवाहिन्यांची लवचिकता ‘सामान्य’ दाखवली होती. करंगळी त्याच सुमारास काळी पडत होती. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले आढळले आणि अन्न परवान्याचा क्रमांक होता. असा परवाना अन्नपदार्थ विकण्यासाठी असतो, त्याने रोग बरा करण्याच्या दाव्याला आधार मिळत नाही. पावतीवर आजाराचे नाव कुठेच नव्हते, फक्त ‘वेलनेस किट’ एवढाच उल्लेख होता.

औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 च्या अनुसूचीत धमन्या कठीण होण्याचा आजार, हृदयरोग, मधुमेह आणि गँगरीन यांची नावे आहेत. हे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे पत्रक, पावती, रिकामे डबे, दोन्ही रिपोर्ट आणि व्हॉट्सॲपवरच्या सूचना जोडून लेखी तक्रार केली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार होत आहे. तिथे 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ज्यांनी असे किट घेतले असेल त्यांनी डबे फेकू नयेत, पत्रक जपून ठेवावे आणि पैसे रोख दिले असतील तर त्या दिवशी सोबत असलेल्या माणसांची नावे लिहून ठेवावीत.

घरातल्या कोणाची डॉक्टरांनी दिलेली औषधे अशा लोकांनी बंद करायला लावली असतील, तर आजच त्या डॉक्टरांना कळवावे. आणि पाय अचानक थंड, पांढराफटक, बधिर झाला, हालेनासा झाला किंवा एकाएकी असह्य दुखू लागला, तर शेक, मालीश, तेल यांत वेळ न घालवता त्याच क्षणी रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया होणारे हॉस्पिटल गाठावे. धमनी पूर्ण बंद झालेल्या पायाचे स्नायू साधारण सहा तासांनंतर कायमचे निकामी होऊ लागतात.