एसीची सर्व्हिसिंग: स्वतः, ओळखीचा मेकॅनिक, कंपनी की वार्षिक करार?

मार्चच्या शेवटी एसीवाल्याला फोन लावला की उत्तर ठरलेलं असतं: "या आठवड्यात नाही जमणार, पुढच्या आठवड्यात बघू." त्यालाच संक्रांत झाल्यावर बोलावलं तर एक-दोन दिवसांत येतो, घाई करत नाही आणि आउटडोअर युनिटही नीट धुऊन देतो. एप्रिलमध्ये त्याच्या डोक्यात पुढची सहा घरं असतात. इनडोअरवर जेमतेम पाणी मारून तो निघतो. म्हणून काम कोणाकडून करून घ्यायचं हे ठरवण्याआधी कधी करून घ्यायचं ते ठरवा. फेब्रुवारी उत्तम. होळी उलटली की तुम्ही रांगेत शेवटी.

आता माणसाचा प्रश्न. माझं मत आधीच सांगते: वॉरंटी आहे तोवर कंपनी, वॉरंटी संपल्यावर पारखलेला मेकॅनिक, आणि फिल्टर मात्र कायम आपल्या हाताने. वार्षिक करार मोजक्याच घरांना परवडतो. हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, कारण दादरचा एसी आणि चंद्रपूरचा एसी वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात.

स्वतः काय करता येतं

फिल्टरची जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी नळाखाली धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवून परत लावा. दहा मिनिटांचं काम आहे. जाळी तुंबली की कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून, हवा कमी जाते, कॉइल गरजेपेक्षा थंड होते, तिच्यावर बर्फ धरतो, आणि एसी बंद केल्यावर तो वितळून भिंतीवरून पाणी ओघळतं. वरून खोलीही गार होत नाही. मग फोनवर आपण सांगतो "गॅस गेलाय वाटतं", आणि समोरचा आनंदाने गॅस भरायला येतो.

विजेचा हिशोबही करून बघा. तुंबलेला फिल्टर बदलला किंवा साफ केला तर एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी उतरतो, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, एसी रात्रीचे आठ तास चालला तर महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास जातात. त्यातले दहा टक्के म्हणजे पंचवीस युनिट. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि हे जास्तीचे युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून युनिटमागे १२ रुपये धरले तर महिन्याला ३०० रुपये. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत एका सर्व्हिसिंगचे पैसे यातूनच सुटतात. मात्र तुम्ही एसी फक्त मे महिन्यात, तोही झोपताना तासभर लावत असाल, तर बिलातल्या बचतीसाठी सर्व्हिसिंग करू नका. ती बचत चहापाण्याचीसुद्धा नाही. तुमच्यासाठी कारण वेगळं: कुबट वास, गळणारं पाणी आणि ऐन उकाड्यात बंद पडणारं मशीन.

जाळीच्या पलीकडे थांबा. ब्लोअर (इनडोअरमधला पंखा), मागची कॉइल आणि आउटडोअरमधला कॅपॅसिटर आपलं क्षेत्र नाही. मेन स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहू शकते. बाजारात फेसाचे स्प्रे मिळतात, त्यांनी कॉइलच्या दर्शनी भागावरची धूळ सुटते. पण वास येतो तो बहुतेकदा ब्लोअरच्या पात्यांवर साचलेल्या काळ्या बुरशीचा, आणि तिथवर तो फेस पोचत नाही.

मेकॅनिक आणि कंपनी: खरा फरक गॅसच्या वेळी कळतो

साध्या सर्व्हिसिंगमध्ये दोघांत फारसं अंतर नाही. ड्राय सर्व्हिस म्हणजे ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढणं. ही हंगामाच्या मध्ये ठीक आहे, पण वर्षातली एकमेव सर्व्हिस ड्राय असेल तर ती न केल्यासारखीच. वर्षातून एकदा जेट पंपाने, इनडोअरला पिशवी लावून, आत-बाहेर दोन्हीकडे धुतलं गेलं पाहिजे; हीच वेट सर्व्हिस. ओळखीचा मेकॅनिक याचे साधारण चारशे ते सहाशे घेतो, कंपनी सहाशे ते हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. शहराप्रमाणे आकडे हलतील. मोबाइल अॅपवरून येणारे लोक दोघांच्या मधले: दर आधीच कळतो, वेळ पाळली जाते, पण दर वर्षी नवा माणूस येतो आणि गेल्या वर्षी काय झालं होतं ते त्याला ठाऊक नसतं.

"केमिकल वॉश करू का?" असं कोणी विचारलं तर आधी ते केमिकल काय आहे ते विचारा. तीव्र आम्ल कॉइलला क्षणात चकचकीत करतं, पण ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि त्यांच्यावरचा निळा संरक्षक थरही खातं. साधं पाणी आणि सौम्य क्लीनर घरगुती एसीला पुरतं.

आता गॅस. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता टॉप-अप करणारा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येणार, आणि पुन्हा अडीच-तीन हजार घेणार. चांगला मेकॅनिक नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधतो, ती बुजवतो, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढतो, आणि मग काट्यावर मोजून गॅस भरतो. किती ग्रॅम आणि कोणता गॅस, हे आउटडोअरच्या नेमप्लेटवर छापलेलं असतं. "काटा आणलाय का? व्हॅक्यूम पंप आणलाय का?" एवढे दोन प्रश्न फोनवरच विचारा. उत्तर देताना जो चाचरतो त्याला धुण्यापुरतं बोलवा, गॅससाठी नको.

इन्व्हर्टर एसीत आणखी एक गोम आहे. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, त्यामुळे गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर, लावून आलेला आकडा क्षणोक्षणी हलतो. नुसता गेज दाखवून "बघा, प्रेशर कमी आहे" म्हणणाऱ्याला आधी टर्बो मोडवर पंधरा मिनिटं मशीन चालवायला सांगा. तेव्हा आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात साधारण दहा अंशांचा फरक पडत असेल तर गॅस भरण्याची घाई नाही. दमट हवेत हा फरक थोडा कमी भरतो, कारण मशीनची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर या कामाला पुरतो.

गॅसच्या प्रकारावरही निवड ठरते. आजचे बहुतेक नवे स्प्लिट एसी आर-३२ वर चालतात. हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे; नळीत गॅस असताना जोडकामाची ज्योत पेटवणारा माणूस घरात नको. काही मॉडेलमध्ये आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन असतो. तो असेल तर विचारच करू नका, कंपनीचाच प्रशिक्षित माणूस बोलवा. आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण आहे. मोठी गळती झाली असेल तर उरलेला काढून पूर्ण नवा भरणं हीच रीत. या गॅसचा दाब जुन्या आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणून जुनी हत्यारं त्याला चालत नाहीत.

वॉरंटीत कंपनीच का? बाहेरच्या माणसाने गॅसची लाइन उघडली तर पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. जाहिरातीतली "कॉम्प्रेसरवर दहा वर्षं वॉरंटी" ही अनेकदा फक्त त्या भागापुरती असते. गॅस, मजुरी आणि वाहतूक तुमच्या खिशातून. तरीही कॉम्प्रेसर हा मशीनचा सगळ्यात महाग भाग, तेव्हा चारशे रुपये वाचवायला ती वॉरंटी धोक्यात घालणं मला पटत नाही. पीसीबीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं, उलट आहे. वॉरंटी संपल्यावर कंपनी बोर्ड बदलूनच देते, तर चांगला स्थानिक कारागीर तोच बोर्ड कमी पैशांत दुरुस्त करून देतो.

एक बाब दोघांनाही सारखी लागू. बाराव्या मजल्यावर ग्रिलबाहेर आउटडोअर असेल तर येणाऱ्या माणसाकडे सेफ्टी बेल्ट आहे का ते बघा. नसेल तर काम करू देऊ नका, त्याने कितीही "सवय आहे, वहिनी" म्हटलं तरी.

वार्षिक करार कोणाला परवडतो

करार दोन प्रकारचे. साध्या करारात वर्षातून दोन-तीन सर्व्हिसिंग आणि बोलावल्यावर येणं एवढंच. सुटे भाग आणि गॅस वेगळे. तीन सुट्या सर्व्हिसिंगची बेरीज आणि कराराची रक्कम शेजारी ठेवा, बहुतेकदा करारच महाग निघतो. याचा उपयोग एकच: एप्रिल-मेमध्ये तुमची तक्रार आधी घेतली जाते. घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर तेवढंही पुरेसं कारण आहे.

सर्वसमावेशक करारात भागही येतात, पण "सर्व" या शब्दावर विसंबू नका. कॉइल आणि गॅस करारात लेखी आहेत का, आणि गंजल्यामुळे कॉइल गेली तर काय, एवढं शोधा. याच दोन गोष्टींवर मोठा खर्च येतो आणि याच बारीक अक्षरात वगळलेल्या असतात. दोन्ही लेखी असतील, एसी तीन ते सात वर्षांचा असेल आणि घर समुद्राजवळ असेल, तर करार घ्या. पुण्या-नाशकात वर्षातून तीन महिने एसी लावणाऱ्यांनी तेच पैसे बाजूला ठेवावेत.

गावाप्रमाणे वेळापत्रक

मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी इथे शत्रू खारी हवा. मिठामुळे आउटडोअरच्या कॉइलचे पत्रे पांढरे पडून भुगा होतात. पावसाळ्यातही एसी ड्राय मोडवर चालू राहतो, तो खोलीतलं पाणी ओढत राहतो आणि ड्रेन पाइपमध्ये शेवाळ धरतं. जुलैत इनडोअरमधून टपटप सुरू होते ती त्यामुळे. इथे वर्षातून दोन वेट सर्व्हिस हव्यात: एक फेब्रुवारीत, दुसरी दसऱ्याच्या आसपास, ऑक्टोबरची काहिली सुरू व्हायच्या आत.

विदर्भ-मराठवाड्यात मीठ नाही, धूळ आहे. एसीचे स्टार ठरवताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरचा मे महिना त्याच्या पुढे जातो. अशा वेळी धुळीने माखलेलं आउटडोअर उष्णता बाहेर टाकू शकत नाही, दाब चढतो आणि ऐन दुपारी तीनला कॉम्प्रेसर ट्रिप होतो. कॅपॅसिटरही अशाच दिवसांत जातात. इथे इनडोअरइतकंच, किंबहुना जास्त लक्ष आउटडोअरवर हवं: फेब्रुवारीत पूर्ण वेट सर्व्हिस आणि एप्रिलच्या शेवटी फक्त आउटडोअर धुणं. आउटडोअरवर सावली मिळाली तर उत्तम, पण पुढची हवा अडवून नको. कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, त्यामुळे मार्चभर कूलरवर निभावून एसी एप्रिलवर ढकलणारी घरं मला शहाणी वाटतात.

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे एसी आठ-नऊ महिने बंद असतो, आणि बंद एसीत बिऱ्हाडं राहायला येतात. आउटडोअरमागे कबुतरांची घरटी, वायरी कुरतडणारे उंदीर, पीसीबीवर चिकटून शॉर्ट करणारी पाल. इथे एक वेट सर्व्हिस पुरते, पण ती मशीन पहिल्यांदा चालू करायच्या आधी. जूनमध्ये बंद करताना तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवून आतली ओल वाळवा आणि एमसीबी खाली करा. आउटडोअरला प्लॅस्टिक गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि गंज वाढतो. पाऊस थेट पडत असेल तर वरून पत्र्याचं छप्पर पुरे.

आर-२२ चा जुना एसी असेल तर

नेमप्लेटवर आर-२२ लिहिलं असेल तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवा. ओझोनला घातक म्हणून हा गॅस माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने हटवला जातोय आणि भारतात २०३० पर्यंत त्याचा वापर जवळपास संपायचा आहे. मशीन गार करतंय, गळती नाही, तोवर मेकॅनिककडून वर्षाला एक धुणं करून घ्या आणि वापरत राहा. करार घेऊ नका. पहिली मोठी गळती झाली किंवा कॉम्प्रेसर बसला की दुरुस्तीचा अंदाज मागायच्या फंदात न पडता नवा पाच स्टारचा इन्व्हर्टर बघा; जुन्याची कॉइल तांब्याची असेल तर भंगारवाला वजनाने बरे पैसे देतो, एक्सचेंजमध्ये मिळतील त्यापेक्षा जास्तही असू शकतात, तेव्हा दोन्हीकडे विचारा.