जन औषधी केंद्र : आईच्या गोळ्या आणि सात महिन्यांचा अनुभव

सात महिने झाले आईच्या गोळ्या जन औषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, आणतेय. मुद्दाम थांबले होते, तिचे रिपोर्ट दोनदा झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

आई ७१ वर्षांची. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, शिवाय अ‍ॅसिडिटीची गोळी सकाळी उपाशीपोटी. सगळं मिळून महिन्याला २३०० च्या आसपास जायचे. बाबा होते तोवर ते सदाशिव पेठेत होलसेलवाल्यांकडून दोन महिन्यांचं एकदम आणायचे, तिथे सूट चांगली मिळते पण गाडी लावायला जागा नाही आणि ऑफिस सांभाळून मला ते जमेना, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून छापील किमतीत घेणं चालू होतं. मग एका रविवारी तिचा डबा आवरताना दिसलं की साखरेच्या गोळ्या संपायला हव्या होत्या त्या निम्म्या शिल्लक. विचारलं तर म्हणाली, एक दिवसाआड घेते गं, केवढ्याला पडतात त्या. पेन्शन आहे तिला, मी कमावते, तरीसुद्धा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

केंद्र सिंहगड रोडच्या बाजूला, छोटासा गाळा आहे, बाहेर बाक नाही. काउंटरवर फार्मासिस्ट बाई असतात. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, त्यावर सगळी ब्रँडची नावं, तर त्या म्हणाल्या जुन्या स्ट्रिप्स आहेत का, त्या दाखवा. मग प्रत्येक स्ट्रिपमागचं बारीक अक्षर वाचून कागदावर कंटेंट, म्हणजे गोळीतलं मूळ औषध, आणि किती मिलिग्रॅम ते लिहून दिलं, मराठीत. इतकी वर्षं आई त्या गोळ्या घेतेय पण तिच्या पोटात नक्की काय जातं ते मला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. साखरेची गोळी साधी वेगळी आणि एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी वेगळी, एकीच्या जागी दुसरी चालत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आणि थायरॉइडची गोळी द्यायला त्या तयारच झाल्या नाहीत, म्हणाल्या ही एका कंपनीची चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी लागते. समोरचं गिऱ्हाईक सोडून खरं सांगणारं दुकान, मला तिथेच विश्वास बसला. थायरॉइडची अजून जुनीच घेतो आम्ही.

बाकीच्या चार गोळ्यांचं महिन्याचं बिल आता साडेचारशेच्या आत येतं, आधी त्याच चार साधारण २१०० च्या होत्या.

सोसायटीत हे सांगितलं की पहिला प्रश्न, एवढं स्वस्त म्हणजे डुप्लिकेट नाही ना? भीती मी समजू शकते, मलाही होती. पण औषधाचं पेटंट संपलं की दुसऱ्या कंपन्याही तेच औषध बनवू शकतात, आणि ब्रँडच्या किमतीत मार्केटिंग, डॉक्टरांकडे फिरणारे कंपनीचे एमआर, मधल्या लोकांचं कमिशन असं सगळं धरलेलं असतं. जन औषधीचं औषध सरकारी संस्था टेंडर काढून डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे चांगल्या उत्पादन पद्धतीचं, सर्टिफिकेट असलेल्या कारखान्यांकडून घेते आणि प्रत्येक बॅच एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासून मगच केंद्रात पाठवते. योजना तशी जुनी आहे, पहिलं दुकान २००८ मध्ये अमृतसरला निघालं. तरी मी नुसत्या माहितीवर गेले नाही. आधी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले घ्या पण लक्ष ठेवा. पहिले दोन आठवडे रोज सकाळी घरच्या मशीनवर बीपी बघून वहीत लिहिलं, काही फरक नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) आधी ८.१ होती, आता दोनदा केली, ७.४ आणि ७.२. अर्थात त्यात ती रोज गोळी घ्यायला लागली हेच मोठं कारण असणार, पण मला तेच तर हवं होतं.

आता अडचणी. सगळं एका फेरीत मिळेलच असं नाही, कोलेस्टेरॉलची गोळी दोनदा संपलेली होती, त्यामुळे घरात आठवड्याचा साठा असतानाच जाते. दोन औषधं एकत्र असलेल्या काही गोळ्या तिथे नसतात, मग वेगवेगळ्या घ्यायच्या का ते पुन्हा डॉक्टरांना विचारा. ‘जन औषधी सुगम’ अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि किंमत दिसते, पण निघायच्या आधी फोन केलेला बरा. संध्याकाळी गर्दी असते आणि ज्येष्ठ मंडळी उभी राहून ताटकळतात, निदान दोन खुर्च्या तरी ठेवायला हव्यात.

खरी अडचण मात्र चिठ्ठीची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने, म्हणजे डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांनी ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नावच लिहावं असा नियम आणला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही झाला. आधी सगळ्या औषधांच्या दर्जाची खात्री द्या, हे डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पण तोवर ब्रँडच्या खाली कंसात कंटेंटचं नाव, तेही वाचता येईल असं, लिहायला काय हरकत आहे? मी आईच्या डॉक्टरांना तशी विनंती केली, त्यांनी लगेच लिहून दिलं. विचारायचा मला उगाच संकोच वाटत होता.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना तिथले एक रुपयाला एक मिळणारे ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड दाखवले, आता त्या दोन्ही मुलींसाठी घेऊन जातात. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन जाणार आहे, त्यांना म्हटलंय चिठ्ठी असूदेच पण रिकाम्या स्ट्रिप्स टाकू नका, पिशवीत घालून ठेवा.