दोन पायऱ्यांचे घडीचे स्टूल: वर्षभराच्या वापरानंतर

माझी उंची १४५ सेंटीमीटर आहे आणि घरातले बाकी सगळे माझ्यापेक्षा उंच असल्यामुळे वरच्या फळीवरचा डबा हवा असला की कुणाला तरी हाक मारावी लागे; घरात कुणी नसले तर धोका कळत असूनही मी ओट्यावर गुडघा टेकवून चढत असे.

वर्षभरापूर्वी लोखंडी नळ्यांचे हे घडीचे स्टूल घेतले. त्याची वरची पायरी जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आहे, त्यामुळे कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात अगदी मागपर्यंत हात पोहोचतो. पायऱ्यांवर खाचांचे रबर असल्याने पाऊल घसरत नाही, आणि स्टूल उघडल्यावर आडवी पट्टी खटकन बसते. तो आवाज ऐकल्याशिवाय मी पाय ठेवत नाही. घडी फ्रिजशेजारच्या फटीत मावते.

एका पायाची रबरी टोपी मात्र आठव्या महिन्यातच निसटली आणि तेव्हापासून स्टूल किंचित डुगडुगू लागले, म्हणून टोपी बदलेपर्यंत मी ते वापरले नाही. याला धरायला दांडा नाही. वयस्कर माणसांसाठी दांड्याचाच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवा मुलीची माळ्याच्या कडेला ठेवलेली चित्रकलेची वही मी कुणालाही न बोलावता काढून दिली.